जीडीबीत स्ट्रिंग धड दिसत नाही? नवख्यांसाठी पायरीपायरीनं दुरुस्ती

सी भाषेतला एखादा प्रोग्राम डीबगरमध्ये (चालू प्रोग्राम थांबवून आत काय चाललंय ते दाखवणाऱ्या साधनात) थांबवावा, त्यातल्या कॅरेक्टर पॉइंटरची किंमत विचारावी आणि उत्तर असं यावं:

$१ = ०एक्स५५५५५५५५६००४ "\३४०\२४४\२५२\३४०\२४५\२०१\३४०\२४४\२४३\३४०\२४५\२०७"

तोच प्रोग्राम नुसता चालवला तर टर्मिनलवर सरळ "पुणे" छापतो. मग बिघडलंय काय? बरेच नवे लोक इथे प्रोग्रामच्या मागे लागतात. मध्येच प्रिंटएफ घालतात, स्ट्रिंगची दुसरी प्रत करतात, फाइलचं एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत) बदलून बघतात. यातलं काही करायच्या आधी डीबगरला नीट प्रश्न विचारावा. दहापैकी बहुतेक वेळा प्रोग्राम ठीक असतो आणि डीबगरची एखादी सेटिंग किंवा प्रकाराची माहिती चुकलेली असते. उरलेल्या वेळा डीबगर बरोबर असतो आणि तो दाखवतोय तो कचरा खरोखरच तिथे असतो. या दोन्हींतला फरक ओळखता येणं हेच या लेखाचं काम.

इथे मी जीडीबी धरून चाललो आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहायला घेतलेला हा डीबगर आज लिनक्सवर जवळपास सगळीकडे सापडतो. एलएलडीबी आणि व्हिज्युअल स्टुडिओ या दुसऱ्या डीबगरांबद्दल शेवटाकडे थोडं आहे. आज्ञा आणि पडद्यावरची उत्तरं मी देवनागरीत दिली आहेत. कीबोर्डवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या.

डीबगरला काय माहीत असतं

सी भाषेत स्ट्रिंग नावाची वेगळी वस्तू नाही. असतो तो एक पत्ता, आणि एक समजूत: या पत्त्यापासून पुढे शून्य किमतीचा बाइट येईपर्यंत मजकूर आहे. कंपायलरला -जी हा पर्याय दिला की तो बायनरीत ड्वार्फ नावाच्या स्वरूपात नोंदी ठेवतो: अमुक व्हेरिएबल कुठे आहे, त्याचा प्रकार कोणता, ते कोणत्या ओळीवर जन्मलं. जीडीबी या नोंदी वाचतो. प्रकार "चार पॉइंटर" (चार म्हणजे कॅरेक्टर, आकडा नव्हे) दिसला की तो पत्ता छापतो आणि मग शून्य बाइट येईपर्यंत, किंवा स्वतःची मर्यादा संपेपर्यंत, पुढचे बाइट मजकूर म्हणून छापतो.

म्हणजे चूक चारच जागी होऊ शकते: लिपीचं कोष्टक (कोणते बाइट म्हणजे कोणतं अक्षर), लांबी, पत्ता आणि प्रकार. पुढच्या पायऱ्या साधारण याच क्रमानं आहेत, फक्त लिपीचा भाग जास्त लांबला आहे, कारण मराठी मजकूर हाताळणाऱ्याला सर्वांत जास्त तोच छळतो.

पायरी १: प्रयोगासाठी एक फाइल

गाव.सी नावाची लहानशी फाइल करा. मेन फंक्शनमध्ये चार गोष्टी ठेवा. गाव नावाचा कॉन्स्ट चार पॉइंटर, किंमत "पुणे". बफर नावाचा ६४ चारचा अ‍ॅरे, त्यातही तेच. कच्चा नावाचा व्हॉइड पॉइंटर, जो गावाकडेच बोट दाखवतो. आणि नाव नावाचं एक स्ट्रक्ट (टॅगही नाव, व्हेरिएबलही नाव), ज्यात पीटीआर हा चार पॉइंटर आणि लेन ही लांबी. शेवटी पुट्स वापरून गाव छापा. मग कंपाइल करा:

जीसीसी -जी३ -ओ० गाव.सी -ओ गाव

पहिला ओ मोठा आणि त्याला चिकटून शून्य. दुसरा ओ लहान. तो मोठा ओ महत्त्वाचा आहे: कंपायलरनं ऑप्टिमायझेशन किती करायचं ते तो सांगतो. -ओ२ वर बांधलेल्या बायनरीत व्हेरिएबल रजिस्टरमध्ये असतं, थोड्या वेळानं कुठेच नसतं, आणि जीडीबी प्रामाणिकपणे "ऑप्टिमाइझ्ड आउट" म्हणतो. अशा वेळी दिसण्याची दुरुस्ती करता येत नाही, बायनरीच पुन्हा बांधावी लागते. ओ० फार हळू पडत असेल तर -ओजी चालतं, पण तिथेही अधूनमधून हे उत्तर मिळेल.

जीडीबी सुरू करा, ब्रेक मेन, मग रन. आणि लगेच प्रिंट गाव.

इथेच पहिला सापळा. डीबगर ज्या ओळीवर थांबल्याचं दाखवतो ती ओळ अजून चाललेली नसते. मेनच्या सुरुवातीला थांबलात तर गाव या व्हेरिएबलला किंमत मिळालेलीच नाही. स्टॅकवर (फंक्शनमधली व्हेरिएबलं राहतात त्या मेमरीत) आधीपासून जे काही पडलं होतं ते दिसतं. कधी ०एक्स० दिसेल, कधी "एरर: कॅनॉट अ‍ॅक्सेस मेमरी अ‍ॅट अ‍ॅड्रेस" असा मजकूर, कधी भलत्याच कुठल्यातरी स्ट्रिंगचा तुकडा. हा तुकडा सर्वांत फसवा, कारण तो खऱ्यासारखा वाटतो. नेक्स्ट देत त्या ओळीच्या पुढे जा आणि मग विचारा.

पायरी २: आधी बाइट बघा

कुठलीही सेटिंग बदलण्यापूर्वी ही एक आज्ञा द्या:

एक्स/१२यूबी गाव

एक्स म्हणजे मेमरी तपासा. १२ नग, यू म्हणजे चिन्हाशिवायचे दशमान आकडे, बी म्हणजे एकेक बाइट. उत्तर असं यायला हवं:

२२४ १६४ १७० २२४ १६५ १२९ २२४ १६४ १६३ २२४ १६५ १३५

हे "पुणे"चे यूटीएफ-८ या एन्कोडिंगमधले बारा बाइट. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं: प, उकार, ण, एकार. आपल्या डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, मशीनला चार संकेत, मेमरीत बारा बाइट आणि तेरावा शून्य. देवनागरी ओळखायची खूणही इथेच आहे: दर तीन बाइटांनी २२४ येतो आणि त्यामागोमाग १६४ किंवा १६५. हा ठेका दिसला की मजकूर शाबूत आहे आणि यूटीएफ-८ मध्येच आहे. पडद्यावर काहीही दिसो, प्रोग्रामला हात लावायचं कारण नाही.

ठेका दिसला नाही तर मात्र डीबगरला दोष देऊ नका, थेट पायरी ५ वर जा.

एक्स/१२सीबी असं विचारलंत तर -३२ '\३४०' असली जोडी दिसते. तेही तेच. चार हा प्रकार इंटेलच्या यंत्रांवर चिन्हासह असतो, म्हणून २२४ चा -३२ होतो, आणि अवतरणातला आकडा अष्टमान (आठच्या पायावरचा) आहे. एकेक बाइट सुटा काढल्यावर जीडीबीला त्यातून अक्षर बनवताच येत नाही, त्यामुळे सी या स्वरूपात देवनागरी कधीच दिसणार नाही. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

पायरी ३: लिपीचं कोष्टक

बाइट बरोबर आहेत आणि तरी \३४०\२४४ दिसतंय, तर हे विचारा:

शो चारसेट

जीडीबी दोन मुख्य कोष्टकं सांगतो. टार्गेट म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीतला मजकूर कुठल्या एन्कोडिंगमध्ये आहे ते. होस्ट म्हणजे तुमचं टर्मिनल कुठलं एन्कोडिंग समजतं ते. होस्टच्या ओळीत "ऑटो, करंटली एएनएसआय_एक्स३.४-१९६८" असं दिसलं तर रोग सापडला. हे लांबलचक नाव जुन्या आस्की कोष्टकाचं आहे. टर्मिनलला फक्त आस्की कळतं अशी जीडीबीची समजूत झाली आहे, म्हणून १२७ च्या पुढचा प्रत्येक बाइट तो अष्टमानात छापतो.

ही समजूत येते कुठून? शेलच्या लोकेलवरून, म्हणजे भाषा आणि एन्कोडिंग सांगणाऱ्या सेटिंगवरून. स्वतःच्या लॅपटॉपवर लँग हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बहुधा यूटीएफ-८ असतं. पण डॉकरच्या कंटेनरमध्ये ते पुष्कळदा रिकामंच असतं, आणि एसएसएच करून दुसऱ्या सर्व्हरवर गेलात तर तिथे ते लोकेल बसवलेलंच नसू शकतं. म्हणून "माझ्या मशीनवर दिसतं, सर्व्हरवर दिसत नाही" ही तक्रार. जीडीबी सुरू करण्याआधी शेलमध्ये हे द्या:

एक्स्पोर्ट एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८

डेबियन आणि उबुंटूच्या अगदी लहान इमेजमध्येही सी.यूटीएफ-८ हे लोकेल तयार मिळतं, म्हणून मी हेच सुचवतो. मराठीचं स्वतंत्र लोकेल बसवत बसायची इथे गरज नाही. जीडीबी आधीच चालू असेल आणि त्यातलं सत्र मोडायचं नसेल, तर आतूनच:

सेट होस्ट-चारसेट यूटीएफ-८
सेट टार्गेट-चारसेट यूटीएफ-८

आता पुन्हा प्रिंट गाव. बहुतेकांचं काम इथे संपतं:

$२ = ०एक्स५५५५५५५५६००४ "पुणे"

अष्टमानाऐवजी वेगळाच अवतार दिसला तर? ए अक्षरावर तिरकी रेघ, मागे चार टोकं फुटलेलं छोटं वर्तुळ, मग आणखी काही, आणि हेच दर तीन चिन्हांनी परत परत. यात होस्ट बरोबर आहे, टार्गेट चुकलं आहे: यूटीएफ-८ चे बाइट कुणीतरी आयएसओ-८८५९-१ समजून वाचतंय. त्या कोष्टकात २२४ म्हणजे तो रेघवाला ए आणि १६४ म्हणजे चलनाचं सर्वसाधारण चिन्ह. दुरुस्ती वरचीच, फक्त दुसरी ओळ. आणि दोन्ही बरोबर असून टर्मिनलवर रिकामे चौकोन येत असतील तर तो फॉन्टचा प्रश्न आहे, जीडीबीचा नाही. उकार-वेलांट्या सुट्या पडणं हेही टर्मिनलचंच. कित्येक टर्मिनलं देवनागरी जोडाक्षरं आजही धड मांडत नाहीत, त्यावर डीबगरमध्ये वेळ घालवू नये.

रुंद अक्षरांची गोष्ट निराळी. डब्ल्यूचार_टी लिनक्सवर चार बाइटांचा, विंडोजवर दोन बाइटांचा. जीडीबी त्याच्यासाठी टार्गेट-वाइड-चारसेट हे तिसरं कोष्टक पाळतो. विंडोजवरून आलेला कोड -एफशॉर्ट-डब्ल्यूचार देऊन लिनक्सवर बांधला की या गोंधळाला तोंड फुटतं. तिथे ही सेटिंग यूटीएफ-१६ करावी. काही लायब्रऱ्या तर दोन बाइटांचा मजकूर सरळ अनसाइन्ड शॉर्टमध्ये ठेवतात. तिथे जीडीबीला तो मजकूर आहे हेच कळत नाही, तो फक्त पत्ता देतो. उपाय सोपा: एक्स/एचएस आणि पुढे पॉइंटरचं नाव. एच म्हणजे दोन बाइटांची एकेक चिन्हं. चार बाइटांची असतील तर एक्स/डब्ल्यूएस.

पायरी ४: लांबी

मजकूर सुरू नीट होतो आणि मध्येच तीन टिंबं येऊन तुटतो. जीडीबी डिफॉल्टनं २०० घटकच छापतो. इंग्रजी मजकुरासाठी हे पुष्कळ आहे. मराठीत २०० बाइट म्हणजे ६६ चिन्हं, त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजलेल्या. म्हणजे जेमतेम ओळभर वाक्य. शिवाय काप अक्षराच्या मधोमध पडू शकतो, आणि मग शेवटी "इन्कम्प्लीट सीक्वेन्स" म्हणून एकदोन बाइट लटकताना दिसतात. ते बघून मजकूर खराब झालाय असं समजू नका.

सेट प्रिंट एलिमेंट्स २०००

शून्य किंवा अनलिमिटेड दिलं तर मर्यादाच उठते, आणि इंटरनेटवर जो तो हेच सांगतो. मी सांगणार नाही. किंमत न मिळालेला एखादा पॉइंटर मेमरीच्या मोठ्या पट्ट्याकडे बोट दाखवत असेल तर शून्य बाइट सापडेपर्यंत पानंच्या पानं कचरा टर्मिनलवर येतो, आणि बॅकट्रेस (कोणत्या फंक्शननं कोणतं बोलावलं त्याची यादी) काढताना प्रत्येक फ्रेमच्या आर्ग्युमेंटमध्ये तेच. दोन हजार पुरतात. एखाद्याच वेळी जास्त लागलं तर त्या एका आज्ञेपुरता पर्याय द्यावा:

प्रिंट -एलिमेंट्स अनलिमिटेड -- गाव

मधल्या दोन रेघा विसरू नका. पर्याय कुठे संपले आणि एक्स्प्रेशन कुठे सुरू झालं ते जीडीबीला त्यावरून कळतं.

अ‍ॅरेचं दुखणं उलट आहे. प्रिंट बफर म्हटलं की "पुणे" नंतर '\०००' आणि पन्नासच्या आसपास "रिपीट्स" असं शेपूट येतं, कारण अ‍ॅरेचा आकार माहीत असल्यामुळे जीडीबी शून्यापाशी न थांबता सगळा ६४ बाइटांचा डबा दाखवतो. मजकुरापुरतंच हवं असेल तर:

सेट प्रिंट नल-स्टॉप ऑन

ही सेटिंग कायमची चालू ठेवावी की नाही याबद्दल माझं मत ठेवू नये असं आहे. शून्याच्या पलीकडचा कचरा अनेकदा उपयोगी असतो: बफर आधी कशासाठी वापरला होता, आधीचा मजकूर लांब होता का, ते त्यातूनच कळतं. सारखंच अक्षर दहापेक्षा जास्त वेळा आलं की ते घडी घालून दाखवणं ही प्रिंट रिपीट्स नावाची वेगळी सेटिंग. तिला क्वचितच हात लावावा लागतो. पत्ता नको असेल तर सेट प्रिंट अ‍ॅड्रेस ऑफ, पण पायरी ५ वाचण्याआधी तो बंद करू नका.

पायरी ५: पत्त्यावरून निदान

बाइटच चुकीचे आहेत असं पायरी २ मध्ये दिसलं, तर आता पत्त्याचे अंक नीट पाहा. ६४-बिट लिनक्सवर साध्या प्रोग्राममधले स्ट्रिंग लिटरल आणि हीपवरची (मॅलॉकनं मागून घेतलेली) मेमरी डीबगरखाली बहुधा ०एक्स५५५५ ने सुरू होणाऱ्या बारा अंकी पत्त्यावर असते, स्टॅक आणि लायब्रऱ्या ०एक्स७एफएफ च्या आसपास.

पत्ता बाराऐवजी आठ अंकांचा निघाला, आणि शेवटचे अंक ओळखीचे असले, तर पॉइंटर कुठेतरी ३२ बिटांच्या इंटमधून गेला आहे. याचं जुनं कारण म्हणजे हेडर फाइल न घेता बोलावलेलं फंक्शन. प्रोटोटाइप नसला की सी कंपायलर फंक्शन इंट परत देतं असं धरून चालत असे आणि वरचे अंक कापले जात. जीसीसीच्या १४व्या आवृत्तीपासून हा इशारा नसून एररच आहे, पण जुना कोड जुन्या कंपायलरवर बांधणारे पुष्कळ आहेत.

दुसरी खूण याहून मजेशीर. हीपवरची स्ट्रिंग फ्री केल्यावरही (तिची मेमरी परत दिल्यावरही) पॉइंटर तसाच राहतो. ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीचं मॅलॉक मोकळ्या झालेल्या लहान तुकड्याच्या पहिल्या सोळा बाइटांत स्वतःच्या नोंदी लिहितं: आठ बाइटांत पुढच्या मोकळ्या तुकड्याचा पत्ता, आठांत एक खूणगाठ. उरलेला मजकूर जसाच्या तसा पडून असतो. ग्लिबसी २.३२ पासून तो पुढचा पत्ता थोडा झाकून लिहिला जातो, आणि त्यामुळे जीडीबीत अशा पॉइंटरची किंमत पुष्कळदा वाय, यू, यू, यू आणि \००५ अशी पाच चिन्हांची दिसते. हा योगायोग नाही. हीप ०एक्स५५५५५५५५९००० ला सुरू होत असेल तर त्याचे शेवटचे तीन अंक गाळून उरलेली संख्या उलट्या बाइटक्रमानं वाचली की हीच अक्षरं पडतात. ती दिसली की एक्स/३एस आणि पॉइंटर अधिक १६ विचारा. तिथे तुमच्या जुन्या मजकुराचा उरलेला भाग सापडला तर फ्री झालेली मेमरी वापरली जातेय हे नक्की. इथे डीबगरमध्ये काही दुरुस्त करायचं नाही; प्रोग्राम -एफसॅनिटाइझ=अ‍ॅड्रेस हा मेमरीचा चुकीचा वापर पकडणारा पर्याय देऊन पुन्हा बांधा आणि तो नक्की कुठे मोडतो ते बघा.

पायरी ६: प्रकार

व्हॉटइज कच्चा असं विचारलंत तर उत्तर व्हॉइड पॉइंटर. प्रिंट केल्यावर नुसता पत्ता. मजकूर हवा तर प्रकार सांगा:

प्रिंट (चार *) कच्चा

एक्स/एस कच्चा हेही चालतं, कारण एक्सला प्रकाराची पर्वा नसते. अनसाइन्ड चार किंवा यूइंट८_टी चा पॉइंटर असेल तर जीडीबी उलट बाजूनं चुकतो: एक बाइटाचा पूर्णांक दिसला की मजकूरच समजतो. चित्राचा डेटा किंवा नेटवर्कवरून आलेलं पॅकेट अवतरणचिन्हांत छापून येतं ते यामुळे. तिथे प्रिंट/एक्स *पॅकेट@३२ विचारावं. @ या चिन्हाचा अर्थ "इथपासून पुढचे इतके", आणि जीडीबीत शिकण्यासारखं एकच चिन्ह सांगा म्हटलं तर मी हेच सांगेन.

ज्या लायब्ररीची डीबग माहिती बसवलेली नाही तिच्यातलं फंक्शन बोलावलं, उदाहरणार्थ प्रिंट गेटएन्व्ह("होम"), तर जीडीबी रिटर्न टाइप माहीत नाही म्हणून अडून बसतो. तेव्हा पुढे (चार *) लावा. तो त्रास देत नाहीये. जुन्या आवृत्त्या अशा वेळी गुपचूप इंट धरायच्या आणि वर सांगितलेला कापलेला पत्ता दाखवायच्या.

सी++ मध्ये एसटीडी::स्ट्रिंग प्रिंट केल्यावर _एम_डेटाप्लस, _एम_पी, _एम_लोकल_बफ असा कुटुंबकबिला बाहेर आला तर लिबएसटीडीसी++ सोबत येणारे प्रिटी-प्रिंटर (किंमत वाचण्याजोगी करून छापणारे छोटे प्रोग्राम) लोड झालेले नाहीत. इन्फो प्रिटी-प्रिंटर ही आज्ञा यादी देते. यादीत ते नसतील तर जीडीबी सुरू होताना "ऑटो-लोड सेफ-पाथ"मुळे नकार दिल्याची ओळ येऊन गेली का ते वर सरकवून पाहा. ती सुरक्षेची अट आहे आणि त्या ओळीतच कोणता मार्ग होम डिरेक्टरीतल्या .जीडीबीइनिट फाइलमध्ये जोडायचा ते लिहिलेलं असतं. तोवर काम अडलं तर एस._एम_डेटाप्लस._एम_पी हा आतला पॉइंटर थेट छापा. एस.सी_एसटीआर() बोलावून बघण्याचा मोह होतो, पण ते इनलाइन झालेलं असेल तर जीडीबीला बोलावायला काही उरतच नाही.

पायरी ७: शून्याशिवायच्या स्ट्रिंग

आता आपलं नाव हे स्ट्रक्ट. पीटीआर आणि लेन. गो भाषेतली स्ट्रिंग अशीच, रस्टमधली एसटीआर अशीच, सी++ चा स्ट्रिंग_व्ह्यू असाच. शेवटी शून्य असेलच असं नाही, त्यामुळे प्रिंट नाव.पीटीआर केलं की "पुणे" च्या पुढे शेजारचं "सातारा" आणि त्याही पुढचं काहीतरी चिकटून येतं. मेमरी बिघडल्यासारखं वाटतं. बिघडलेलं काहीच नसतं. जीडीबी सीच्या रिवाजाप्रमाणे शून्य शोधत पुढे निघालेला असतो.

प्रिंट *नाव.पीटीआर@नाव.लेन

याचं उत्तर बरोबर बारा बाइटांपाशी थांबतं. लेन शून्य असेल तर "इनव्हॅलिड नंबर ० ऑफ रिपीटिशन्स" अशी एरर येते, आणि लेनमध्येच कचरा असेल तर मॅक्स-व्हॅल्यू-साइज ओलांडल्याची. ही मर्यादा डिफॉल्टनं ६५५३६ बाइट. दुसरी एरर आली तर मर्यादा वाढवण्याआधी लेन छापून बघा.

दिवसातून दहा वेळा हे टाइप करायचं नसेल तर .जीडीबीइनिटमध्ये तीन ओळी:

डिफाइन पीनाव
प्रिंट *$आर्ग०.पीटीआर@$आर्ग०.लेन
एंड

नंतर नुसतं पीनाव नाव. लहान प्रकल्पासाठी एवढं पुरे. पण ही आज्ञा बॅकट्रेसमध्ये, इन्फो लोकल्समध्ये किंवा एडिटरच्या खिडकीत आपोआप लागू होत नाही. त्यासाठी पायथनमधला प्रिंटर लागतो. पायथनची सोय जीडीबी ७.० मध्ये, २००९ साली आली, आणि ती बाय डिफॉल्ट बहुतेक वितरणांत बांधलेली असते.

गावप्रिंटर.पीवाय:

इम्पोर्ट जीडीबी

क्लास गावप्रिंटर:
    डेफ __इनिट__(सेल्फ, व्ही):
        सेल्फ.व्ही = व्ही
    डेफ टू_स्ट्रिंग(सेल्फ):
        पी = सेल्फ.व्ही['पीटीआर']
        एन = इंट(सेल्फ.व्ही['लेन'])
        रिटर्न पी.लेझी_स्ट्रिंग('यूटीएफ-८', एन)
    डेफ डिस्प्ले_हिंट(सेल्फ):
        रिटर्न 'स्ट्रिंग'

डेफ शोध(व्ही):
    टी = व्ही.टाइप.अनक्वालिफाइड().स्ट्रिप_टाइपडेफ्स()
    इफ टी.टॅग == 'नाव':
        रिटर्न गावप्रिंटर(व्ही)
    रिटर्न नन

जीडीबी.प्रिटी_प्रिंटर्स.अपेंड(शोध)

शेवटून दुसऱ्या ओळीतला नन म्हणजे पायथनची "काही नाही" ही किंमत. शोध हे फंक्शन जीडीबी प्रत्येक किमतीसाठी बोलावतो. "हे माझं नाही" हे सांगायला ते नन परत देतं. अनक्वालिफाइड कॉन्स्ट काढून टाकतं आणि स्ट्रिप_टाइपडेफ्स टोपणनावं. या दोन्हींशिवाय प्रिंटर कधी चालतो, कधी चालत नाही आणि कारण कळत नाही. लेझी_स्ट्रिंग वापरण्याचं कारण असं की ती मेमरी लगेच वाचत नाही, छापायची वेळ आल्यावर वाचते, आणि प्रिंट एलिमेंट्सची मर्यादाही पाळते. त्याऐवजी साधी स्ट्रिंग ही मेथड वापरलीत तर यूटीएफ-८ मध्ये न बसणारा एक बाइट आला तरी पायथनची एरर उडते, आणि डीबगरमध्ये तर नेमके तसलेच बाइट भेटतात.

पीटीआर शून्य आणि लेन शून्य नसलेलं असं स्ट्रक्ट भेटलं की लेझी_स्ट्रिंगही तक्रार करते. टू_स्ट्रिंगमध्ये आधी पी शून्य आहे का ते तपासून "(रिकामं)" परत द्यावं.

लोड करायला सोर्स गावप्रिंटर.पीवाय. मग प्रिंट नाव, आणि सरळ "पुणे". कच्चं रूप हवं असेल तेव्हा प्रिंट/आर नाव. प्रिंटरवर संशय आला की आधी हेच करायचं.

एक गोष्ट इथे सगळ्यांना अडते. स्ट्रक्टकडे बोट दाखवणारा पॉइंटर प्रिंट केला तर प्रिंटर लागत नाही, फक्त पत्ता दिसतो, कारण पॉइंटरच्या प्रकाराला टॅग नसतो. प्रिंट *पॉइंटर करा. पॉइंटरवरही मजकूर दिसायलाच हवा असेल तर शोधमध्ये टी.कोड हा जीडीबी.टाइप_कोड_पीटीआर आहे का ते पाहून टी.टार्गेट() चा टॅग तपासायचा आणि व्ही.डीरेफरन्स() प्रिंटरला द्यायचं. मी हे करत नाही. लटकणाऱ्या पॉइंटरवर मजकुराऐवजी मेमरी वाचता न आल्याची एरर येते, आणि मुळात हवा असलेला पत्ताच झाकला जातो.

दुसऱ्या डीबगरांत

मॅकवर एलएलडीबी असतो. एक्स/१२यूबी आणि एक्स/एस तिथेही चालतात, म्हणून पायरी २ बदलत नाही. लांबीची मर्यादा १०२४, ती सेटिंग्ज सेट टार्गेट.मॅक्स-स्ट्रिंग-समरी-लेंग्थ ने वाढते, आणि स्वतःच्या स्ट्रक्टसाठी टाइप समरी अ‍ॅड. व्हिज्युअल स्टुडिओच्या वॉच खिडकीत यूटीएफ-८ मजकूर तो रेघवाल्या ए च्या अवतारात दिसला तर व्हेरिएबलच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन एस८ लिहा. यूटीएफ-१६ साठी एसयू, यूटीएफ-३२ साठी एस३२. व्हीएस कोड लिनक्सवर आतून जीडीबीच चालवतो, त्यामुळे वरचं सगळं लागू आहे, फक्त लॉंच.जेसनमध्ये -इनेबल-प्रिटी-प्रिंटिंग ही ओळ असल्याची खात्री करा. आणि एडिटर मेनूमधून उघडला असेल तर त्याला शेलमधलं एलसी_ऑल मिळत नाही. म्हणून कोष्टकाच्या त्या दोन सेट ओळी .जीडीबीइनिटमध्येच लिहून टाका.